ब्रेकचं तेल आणि श्रावणातलं मीठ

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

नवी गाडी दारात आली की शेजारीपाजारी काय विचारतात? ॲव्हरेज किती, पिकअप कसा, शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते. मी तीस वर्षं मुलांना मोटारीचं तंत्र शिकवलं, पण ‘ही गाडी थांबते कशी?’ असं विचारणारा शेजारी मला अजून भेटायचा आहे. आज मी त्या थांबण्याबद्दलच बोलणार आहे. त्यातही एका अशा वस्तूबद्दल, जी साऱ्या गाडीत मिळून लिटरभराच्या आतबाहेर असते आणि जिच्याकडे आपण वर्षानुवर्षं बघत नाही. ती वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल.

हे सांगण्याचा अधिकार मला शिकवण्यामुळे मिळालेला नाही. गेल्या दसऱ्यानंतर माझी स्वतःची एक चूक झाली आणि ती फार महागात पडता पडता राहिली. ती आधी सांगतो.

माझी बहीण अकोल्याला असते. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला गाड्यांचं भारी वेड. त्यानं पाच वर्षं वापरलेली, टर्बो इंजिनाची, चांगली दमदार गाडी विकत घेतली होती. सुट्टीत तो बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आला. दारातूनच ओरडला, “मामाजी, पन्नास मिन्टात आलो! रस्ता काय झाला राजेहो!”

रस्ता खरोखरच झाला आहे. तुम्हाला आठवत असेल, जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं सलग १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा टाकला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधला होता, पंचवीस किलोमीटरच्या थोडा वर. ज्या रस्त्यावर मूर्तिजापूर येईपर्यंत आमची हाडं खिळखिळी व्हायची, तिथे आता ॲक्सिलरेटरवरचा पाय आवरावा लागतो. पण रस्ता नवा झाला म्हणून गाडीतलं तेल नवं होत नाही, हे त्या दिवशी त्याच्या लक्षात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला जायचं ठरलं. भाचा म्हणाला, “मामाजी, तुम्ही एकदा गाडी पाहून घ्या.” मी मोठ्या रुबाबात बॉनेट उघडलं. इंजिन ऑइल पाहिलं, कूलंट पाहिलं, ब्रेक ऑइलच्या डबीवर नजर टाकली. तेल वरच्या रेघेला टेकलेलं होतं. मी म्हणालो, “फर्स्टक्लास आहे, चल.” माझी चूक ती हीच. डबी भरलेली आहे एवढंच मी पाहिलं. आत काय भरलेलं आहे, ते पाहिलं नाही.

घाटात काय झालं

जाताना काहीच झालं नाही. परतवाड्यावरून वर गेलो, गाविलगड पाहिला, दरीकाठी उभं राहून भुट्टे खाल्ले. संध्याकाळी मोथा, धामणगाव गढीच्या रस्त्यानं उतरायला लागलो. गाडी ऑटोमॅटिक. भाच्यानं गिअर नेहमीच्या ‘डी’वरच ठेवला होता. सरळ तुकड्यात गाडी पळवायची आणि वळण आलं की ब्रेक दाबायचा, असं त्याचं चाललं होतं. मधूनच जळकट वास येत होता. माझ्या नाकाला तो कळत होता, पण गप्पांच्या नादात मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

अर्धा घाट उतरल्यावर मुलीला उलटीसारखं व्हायला लागलं, म्हणून गाडी कडेला लावली. दहा मिनिटं थांबलो. तिनं पाणी प्यायलं, बरं वाटलं, पुन्हा निघालो. पहिलंच वळण आलं आणि भाचा किंचाळला, “मामाजी, ब्रेक खाली चालला! लागूनच नाही राह्यला!”

मी पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं. मी म्हणालो, “बाबू, पाय उचलून पुन्हा पुन्हा दाब. गिअर हातानं पहिल्यावर घे. हँडब्रेक हळूहळू ओढ, एकदम नको. डोंगराच्या अंगाला घे, दरीच्या नाही.” नशीब एवढंच की नुकतेच निघालो होतो, वेग पंचवीस-तीसच्या वर नव्हता. गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत उतरली, समोरचा बंपर फुटला आणि आम्ही थांबलो. मागच्या सीटवर मुलगी आईच्या कुशीत होती. कुणाला खरचटलंही नाही. भाचेसून बराच वेळ काही बोलली नाही.

पुढचं ऐका. अर्ध्या तासानं रस्त्यावरच्या लोकांनी हात लावून गाडी बाहेर काढली. भाच्यानं पेडल दाबून पाहिलं, तर ते टणक! जणू काही झालंच नव्हतं. तो म्हणाला, “मामाजी, झालं ना ठीक. काहीतरी अडकलं असन.” मी म्हणालो, “अडकलं काही नव्हतं. उकळलं होतं.” मग मी त्याला तिथेच बसवून जे सांगितलं, तेच आता तुम्हाला सांगतो.

पायापासून चाकापर्यंत

तुमचा पाय चाकापर्यंत पोचत नाही. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेलावर रेटा देतो. तेल नळ्यांतून चारही चाकांपर्यंत गेलेलं असतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. त्या दाबानं कॅलिपरमधला दट्ट्या ब्रेक पॅडला डिस्कवर आवळतो आणि चाक थांबतं. अशी चारही चाकांना तेलाचे ब्रेक असलेली मोटार १९२१ साली अमेरिकेत ड्युसेनबर्ग कंपनीनं आणली. पुढे कित्येक वर्षं या कामाला एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण वापरत. आपल्या आज्यांनी पोट साफ करायला जे पाजलं, तेच एकेकाळी मोटारीही थांबवत होतं.

ही सारी करामत एकाच गोष्टीवर उभी आहे. द्रव दाबला तरी दबत नाही. वायू मात्र दबतो. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबून पाहा, आत जातो. आता ब्रेकच्या नळीतलं तेल तापून उकळलं आणि त्याची वाफ झाली, तर तुमचा पाय वाफेलाच दाबत बसतो. पेडल तळाला जातं आणि चाकाला काही कळतच नाही. गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल पुन्हा टणक होतं. म्हणून अशी गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली, तर मिस्त्री सांगतो, “ब्रेक एकदम ओके आहे.” तो खोटं बोलत नसतो. चोर पुरावा घेऊन पसार झालेला असतो.

इथे एक फरक ध्यानात ठेवा, घाटात कामाला येईल. पेडल टणक आहे, पण गाडीच हळू होत नाही, असं वाटलं तर ब्रेक पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडलच मऊ पडून खाली चाललं, तर बहुधा तेल उकळलेलं असतं, नाहीतर कुठेतरी गळती असते. दोन्हींत गाडी थांबवायची, पण गाडी मिस्त्रीकडे गेल्यावर ही खूण त्याला नीट सांगायची.

उष्णता येते कुठून?

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाही. तो वेगाची उष्णता करतो. माणसांसकट दीड हजार किलोची गाडी धरू. ती ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर जवळपास २ लिटर गार पाण्याला उकळी फुटेल इतकी उष्णता चार चाकांत निर्माण होते. वेग १४० असेल तर? वेग दीडपटीपेक्षा कमी वाढला, पण उष्णता दुप्पट होते. म्हणजे ४ लिटर पाण्याला उकळी. दमदार गाडीचा ब्रेक साध्या गाडीपेक्षा जास्त का तापतो, त्याचं उत्तर यात आहे.

आता घाट घ्या. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच. उतरताना ६०० मीटरची उतरण धरली, तरी तीच गाडी ३० लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी ऊर्जा सोडते. यातला बराच भाग वाऱ्यात आणि इंजिनात जायला हवा. तुम्ही गिअर वरचा ठेवून फक्त ब्रेकवर उतरलात, तर तो चाकांच्या माथी बसतो. आमचं हेच झालं होतं.

तरी चालत्या गाडीत डिस्कला वारा लागत असतो. आम्ही थांबलो आणि तो वारा बंद झाला. तापलेल्या डिस्कची आणि पॅडची धग कॅलिपरमधून मागच्या तेलात शिरली. म्हणून ब्रेक चालताना गेला नाही, दहा मिनिटं थांबून निघाल्यावर गेला. तवा चुलीवरून उतरवल्यावरही त्याची धग काही वेळ पसरतच असते ना, तसं.

काही लोक म्हणतील, आपल्या अकोल्याचा उन्हाळाच तसा, पारा ४५ च्या वर, तेल उकळणारच. मंडळी, तसं नाही. बाहेर ४५ असो की २५, फरक वीस अंशांचा. घाटात डिस्क तीनशे-चारशे अंशांच्या घरात जाऊ शकते, तिथे वीस अंशांचं काय? आपल्या उन्हाळ्यापेक्षा ब्रेक ऑइलचा मोठा शत्रू आपला पावसाळा आहे.

श्रावणातलं मीठ

आपल्याकडे श्रावणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. झाकण घट्ट लावलं तरी सुटतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. आजचं ब्रेक ऑइल तसंच आहे. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनतं आणि पाणी शोषून घेण्याचा त्याचा स्वभावच आहे. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असते, तिथून ओलावा शिरतो. रबरी नळ्यांच्या अंगातूनही कणाकणानं झिरपतो. गाडी चालवा की दारात उभी ठेवा, हे चालूच असतं.

तुम्ही म्हणाल, पाणी शोषतं तर पाणी न शोषणारं तेल का वापरत नाहीत? पाणी तेलात मिसळलं तर सगळीकडे सारखं पसरतं. न मिसळणाऱ्या तेलात तेच पाणी सखल जागी, म्हणजे नेमकं चाकापाशी, थेंबाथेंबानं साचतं. तिथे धातू गंजतो, आणि साचलेलं पाणी १०० अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून शोषणारं तेल बरं. अट एवढीच की ते वेळेवर बदललं पाहिजे.

पाणी शिरल्यानं काय होतं ते डबीवरचे आकडे सांगतात. डबीवर ‘डॉट’ असं लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. प्रत्येक दर्जाला उकळण्याचे दोन बिंदू ठरवून दिले आहेत. एक कोरडा, म्हणजे ताज्या तेलाचा. दुसरा ओला, म्हणजे तेलात साधारण पावणेचार टक्के पाणी शिरल्यावरचा. डॉट ३ तेल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, ओलं झाल्यावर १४० पर्यंत. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०.

हे आकडे पुन्हा एकदा पाहा. शंभर चमचे तेलात चार चमच्यांहूनही कमी पाणी शिरतं आणि उकळण्याचा बिंदू ६५ ते ८० अंशांनी खाली येतो. दर वर्षी किती पाणी शिरेल हे हवामानावर आणि वापरावर अवलंबून आहे. पण बहुतेक गाड्यांची पुस्तिका दोन वर्षांनी तेल बदला असं सांगते, ते उगाच नाही.

भाच्याची गाडी आधी कुणाकडे होती, तिनं किती पावसाळे पाहिले, याचा आम्हाला पत्ता नव्हता. अमरावतीला परतल्यावर माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. त्यानं पेनासारखं एक छोटं यंत्र डबीत बुडवलं. तेलातून वीज किती सहज वाहते त्यावरून ते पाण्याचा अंदाज देतं. लाल दिवा लागला. मिस्त्री म्हणाला, “सर, हे तेल नाही राह्यलं, सरबत झालं.” नालीकाठी मी जे म्हटलं होतं, तेच निघालं. हे पेन अंदाजच देतं. तेल प्रत्यक्ष उकळून पाहणारं यंत्र जास्त खरं सांगतं. पण लाल दिवा लागल्यावर आणखी पुरावा शोधत बसायचं कारण नाही. आणि रंगावर जाऊ नका. काळं पडलेलं तेल जुनं असतं हे खरं, पण स्वच्छ दिसणारं तेल चांगलं असेलच असं नाही. पाण्याला रंग नसतो.

मग कोणतं तेल घ्यायचं?

तिथेच आमचा मामा-भाच्याचा वाद झाला. त्याला शर्यतीच्या गाड्यांचं तेल घालायचं होतं. मोबाइल दाखवून म्हणाला, “मामाजी, हे पाहा. तीनशेच्या वर जाते. आपल्याला तर दोनशे तीसचं दाखवून राह्यले!”

मी त्याला विचारलं, “हा तीनशेचा आकडा कोणता? कोरडा की ओला?” तो गप्प. अशा बऱ्याचशा तेलांचा ओला आकडा दोनशेच्या आसपास असतो. तो डॉट ४ च्या ओल्या आकड्यापेक्षा चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण ताज्या डॉट ४ चा २३० हा आकडा त्या शिळ्या तेलापेक्षा वरच आहे. शर्यतीत धावणारे लोक हे तेल वारंवार बदलतात, कित्येक जण प्रत्येक शर्यतीआधी. तू ते एकदा भरणार आणि चार वर्षं विसरणार. मग त्या तीनशेचे पैसे कशासाठी मोजायचे?

दुसरी गोष्ट दाटपणाची. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. चाक घसरू लागलं की ही यंत्रणा सेकंदात कितीतरी वेळा तेलाचा दाब सोडते आणि पुन्हा देते. बारीक झडपांतून हे घडायला तेल पातळ हवं. म्हणून अनेक आधुनिक गाड्यांच्या पुस्तिकेत नुसतं डॉट ४ नसतं, तर कमी दाटपणाचं डॉट ४ मागितलेलं असतं. डबीवर ‘आयएसओ ४९२५, क्लास ६’ अशी त्याची खूण असते. त्याचे आकडे २५० आणि १६५. शर्यतीचं तेल मोठ्या आकड्याचं असलं तरी इतकं पातळ असेलच असं नाही. भाच्याच्या गाडीच्या पुस्तिकेत हेच क्लास ६ लिहिलं होतं, आणि तेच आम्ही घातलं.

तो कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेला मित्रांबरोबर गाडी पळवायला जायचं म्हणतो आहे. मी म्हणालो, जरूर जा. तेव्हा गाडीच्या सीलना आणि एबीएसला चालणारं चांगल्या प्रतीचं तेल जायच्या आधी भर आणि आल्यावर बदलून टाक. पण पुणे-अकोला-चिखलदऱ्यासाठी पुस्तिकेत लिहिलेलंच तेल, आणि ताजं.

तुमच्यासाठी हे सगळं थोडक्यात मांडतो. पुस्तिकेत डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं. डॉट ४ लिहिलं असेल तर डॉट ३ घालू नका, तो दर्जा खाली जातो. डॉट ३, ४ आणि ५.१ ही एकाच कुळातली तेलं, एकमेकांत मिसळली तर बिघडत नाही, फक्त वरच्या तेलाचा गुण कमी होतो.

डॉट ५ मात्र वेगळ्या जातीचं आहे आणि नावामुळे इथे मोठा घोटाळा होतो. डॉट ५ हे सिलिकोनचं, सहसा जांभळ्या रंगाचं तेल. ते पाणी शोषत नाही, बाकीच्या तेलांत मिसळत नाही, त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात आणि एबीएसच्या गाडीला ते चालत नाही. पाच आणि पाच पॉइंट एक यांतला तो एक ठिपका फार महत्त्वाचा आहे. दुकानात डबी हातात घेऊन वाचा, नुसतं “पाच नंबर द्या” असं म्हणू नका.

आणि इंजिन ऑइल, डिझेल, खाण्याचं तेल यांतलं काहीही ब्रेकच्या डबीत जाता कामा नये. आजच्या ब्रेकची रबरी सील ग्लायकॉलच्या तेलासाठी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. बाजाराच्या दिवशी कुणीतरी अडचणीत इंजिन ऑइल ओतलेली एक जीप मी पाहिली आहे. तिचे ब्रेक आधी जाम झाले, मग पार निकामी. मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सगळी रबरं बदलावी लागली.

बदलताना काय पाहायचं

तेल बदलणं म्हणजे डबीत वरून थोडं ओतणं नव्हे. चाकापाशी उकळणारं जुनं तेल तिथेच राहतं. चारही चाकांच्या निपलमधून जुनं तेल बाहेर निघून नवं दिसेपर्यंत काढावं लागतं. आपल्याकडे याला ‘एअर काढणं’ म्हणतात, तेच काम पूर्ण करायचं. काही गाड्यांत एबीएसच्या ठोकळ्यातलं तेल काढायला संगणक जोडावा लागतो. तो जोडणार का, हे आधीच विचारा.

डबी तुमच्यासमोर फोडायला सांगा. गॅरेजच्या फळीवर अर्धी उरलेली डबी असते, ती महिन्यापूर्वी फोडलेली असू शकते. तिनं तेवढे दिवस हवेतलं पाणी पिलेलं असतं. घरी उरलेलं तेलही पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. काही शे रुपयांचा प्रश्न आहे. तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

तेलाची पातळी उतरलेली दिसली तर नुसती भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते. ती एकाएकी उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा चाक उघडून पाहायला हवं.

दुचाकीवाल्या पोरांनाही सांगतो. तुमच्या हँडलवरच्या त्या छोट्या डबीत अगदी थोडं तेल असतं आणि पावसाचं पाणी थेट अंगावर असतं. चिखलदऱ्याला मोटारसायकलींचे जथे जातात. चेनला तेल घालता, तसं याच्याकडेही बघा.

शेवटी घाटाबद्दल. जुने ट्रक ड्रायव्हर शिकाऊ पोराला सांगत, ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. आजही यापेक्षा चांगला नियम नाही. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर हातानं खाली घ्या. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेग वाढला की नीट दाबा, वेग उतरला की सोडा, मधल्या वेळात चाकांना वारा खाऊ द्या. जळका वास आला तर सपाट जागा पाहून थांबा. पण दहा मिनिटांत निघू नका. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या आणि निघण्याआधी उभ्या गाडीतच पेडल दाबून पाहा.

डिसेंबरात भाचा पुन्हा आला. आम्ही त्याच रस्त्यानं चिखलदऱ्याहून उतरलो, दुसऱ्या गिअरवर, सावकाश. मागून दोन गाड्यांनी हॉर्न वाजवून आम्हाला मागे टाकलं. तो काही बोलला नाही. ज्या वळणावर आम्ही नालीत उतरलो होतो, तिथे भाचेसुनेनं मुलीला जवळ ओढून घेतलं.

घरी आल्यावर मी त्याच्या बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीजवळ एक कागदी पट्टी चिकटवली आणि तेल बदलल्याची तारीख लिहिली. मग आत जाऊन माझ्या स्वतःच्या गाडीचे कागद काढले. तेल बदलल्याला तीन वर्षं आणि चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मिस्त्रीकडे गेलो. तुमच्या गाडीतली तारीख कोणती आहे?